पहिला पसंतीक्रम

नवतपा संपलाय. मृग दोन दिवसांवर आला तरी पारा 43 अंशांच्या खाली यायला तयार नाही. भंडाऱ्याच्या बसस्थानकाजवळच्या गल्लीत सकाळी साडेदहालाच सावली आटलीय. दुकानांच्या पत्र्याखाली हातभर पट्टी उरलीय, तिच्यात माणसं भिंतीला पाठ लावून उभी आहेत. बहुतेक जोडीनं. बाप आणि लेक, आई आणि लेक, कुठे मामा. प्रत्येक जोडीकडे एक प्लास्टिकची फाइल आणि ती फाइल मोठ्या माणसाच्या काखेत.

आत काय असणार ते फाइल न उघडताच सांगता येतं. दहावीची गुणपत्रिका, टीसी, आधार, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स.

नेट कॅफेच्या दाराला पुठ्ठा टांगलाय. 'अकरावीचे फॉर्म भरून मिळतील.' त्याखाली विटलेल्या शाईत सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड, पोलीस भरती. आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक कूलर. कूलरमधलं पाणी संपलंय. तो नुसता गरम वारा फेकतोय. कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी ठेवलंय. एकावर स्टेपलर, एकावर कुलूप, एकावर कुणाची तरी पाण्याची बाटली.

2025-26 पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला. तोवर तो मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरता होता. इथली पोरं कॉलेजच्या खिडकीवर जाऊन फॉर्म आणायची, दोन दोस्त मिळून भरायची. आता फॉर्म स्क्रीनवर आहे. नोंदणीचे शंभर रुपये घरच्यांच्या खिशात आहेत, आणि ओटीपी येतो तो फोनही घरच्यांचाच.

"नंबर कोणाचा टाकू?" ऑपरेटर मान वर न करता विचारतो.

"माह्या भावाचा टाका. मोठा फोन त्याच्याजवळ आहे," बाप म्हणतो.

भाऊ वरठीला कारखान्यात आहे, पहिल्या पाळीला. बाप आपल्या बटनांच्या फोनवरून त्याला लावतो. रिंग जाते. कोणी उचलत नाही. स्क्रीनवर सेकंद उलटे मोजले जातायत. पुन्हा ओटीपी, पुन्हा फोन. शेवटी भाऊ उचलतो, सहा आकडे सांगतो, आणि त्याच दमात पुढचंही सांगून टाकतो, "सायन्सच टाक म्हणा. आर्टले कोण विचारते आता?"

फोन स्पीकरवर आहे. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं. दोघं-तिघं मान डोलावतात.

मुलगी खुर्चीच्या मागे उभी आहे. 91 टक्के. फाइलवरचं दुकानाचं स्टिकर ती नखानं खरवडतेय, कोपऱ्यापासून, अगदी सावकाश. अजून ती एक शब्द बोललेली नाही. तिला कोणी काही विचारलेलंही नाही.

ऑपरेटर मात्र भला माणूस आहे. भाग एक भरून झाल्यावर तो खुर्ची वळवतो आणि भाग दोन समजावून सांगतो. दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात. शाखेसकट. "पहिल्या नंबरचं लागलं त घ्याच लागते, काकाजी. नाई घेतलं त पुढच्या फेऱ्यांत नाव येत नाई. म्हणून पहिलं नीट सांगा."

बाप लेकीकडे बघतो. लेक जमिनीकडे.

"सायन्स," बाप म्हणतो. माऊस टिचकतो. पुढचं नाव पुकारलं जातं.

बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी मी तिला विचारतो, शाळेत कोणता विषय आवडायचा. ती आधी बापाकडे बघते. तो सुट्या पैशांसाठी गाडीवाल्याशी बोलतोय. मग म्हणते, "भूगोल." आणि एकदम मोकळी होते. वैनगंगा सिवनीकडून येते, पवनीवरून खाली जाते, वर्धेला मिळते आणि मग प्राणहिता होते, हे सगळं ती हवेत बोट फिरवून दाखवते. "मी पुस्तक न पाहता काढते. गोसेखुर्दचं पाणी कुठवर आलं तेही." बाप ग्लास घेऊन येतो. बोट खाली जातं.

त्याला वाईट म्हणायची सोय नाही. मोहाडी तालुक्यात दोन एकराची बांधी. उन्हाळी धान दिलाय, चुकारा यायचाय. मृग बरसला की पऱ्हे टाकायचे, बियाणं अजून घ्यायचंय. आजचा दिवस तो त्यातून काढून आलाय. "धानात काई ठेवलं नाई बाप्पा," तो मला सांगतो. "आमचं झालं ते झालं. हिच्या हाताले चिखल नाई लागला पायजे."

2025-26 च्या हंगामाचा धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. नागपूरच्या क्लासची दोन वर्षांची फी लाखाच्या वर जाते. हा माणूस हिशेब रुपयांत करतच नाही. लाख म्हणजे बेचाळीस क्विंटल. एकरी पंधरा-अठरा क्विंटल धरले तर दोन एकरांच्या हंगामभराच्या पिकाहून जास्त, आणि त्यातून खत, मजुरी, ट्रॅक्टर काही वजा न करता. हा हिशेब लेकीनं कितीदा तरी ऐकलाय. जेवताना, झोपताना. ती भूगोल म्हणेल कशी?

गल्ली संपते तिथे फ्लेक्स सुरू होतात. विजेच्या खांबावर, गटाराच्या कठड्यावर, बंद दुकानाच्या शटरवर. पांढऱ्या कोटातली, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली पोरं. फोटोखाली गुण. 720 पैकी. एका फ्लेक्सवर ठळक अक्षरांत 'आठवी ते दहावी फाउंडेशन'. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नका, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी 2024 पासून आहेत. फ्लेक्स त्यानंतरचा आहे, रंग अजून ताजे आहेत.

एका मंगल कार्यालयात मोफत करिअर मार्गदर्शन आहे. लग्नसराई संपत आलीय, मांडवाच्या झालरी अजून काढलेल्या नाहीत. खुर्च्यांना पांढरी कापडं तशीच. पुढच्या रांगांत पालक, मागच्या रांगांत मुलं. कोणी तसं बसवलेलं नाही, आपोआप झालंय. स्टेजवरचे सर बोलतायत ते पुढच्या रांगांशी. स्लाइडवर एक डॉक्टर, एक इंजिनिअर, एक कलेक्टर. "तुमच्या मुलाला यापैकी काय करायचं?" सर विचारतात. हात बापांचे वर होतात.

2025 च्या नीटला देशभरातून 22 लाखांवर मुलं बसली. पात्र ठरली 12 लाखांवर. एमबीबीएसच्या सरकारी-खासगी सगळ्या मिळून जागा सव्वा लाखाच्या आसपास. स्लाइडवर पात्र ठरलेल्यांचा आकडा आहे, जागांचा नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ बचत गटाच्या हप्त्याच्या वहीवर मागून पेन्सिलीनं काहीतरी लिहून घेतायत. मी डोकावतो. क्लासचं नाव, फी, हॉस्टेल, मेस. बेरीज करून खाली दोन रेघा ओढल्यात.

मागच्या रांगेत एक मुलगी आहे, या सगळ्यांहून तीनेक वर्षांनी मोठी. धाकट्या भावाला घेऊन आलीय. ती स्वतः बारावीनंतर वर्षभर नागपूरला राहून रिपीट करून आली. यंदाचा निकाल यायचाय. कुणी विचारलं की 'बरा गेला' म्हणते. मला जरा वेगळं सांगते. क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट. दुपारी बोर्डावर यादी लागायची, गुण आणि रँक. सगळे यादीचा फोटो काढायचे. ती आपल्या ओळीचा फोटो काढायची, मग रँकचा रकाना कापून फक्त गुण बाबांना पाठवायची. बाबा अंगठा पाठवायचे. "शनिवारी रात्री पोट दुखायचं. गोळी घेतली की थांबायचं. सोमवारी काहीच नाही." घरी सांगितलं होतं का? "मेसचं जेवण सोसत नाही म्हणून सांगितलं. आई लाडू पाठवायची." ती हसते. लाडूंचा डबा तिनं रूममधल्या मुलींना वाटून टाकला, हेही तिनं आईला सांगितलेलं नाही.

सहावी ते बारावीच्या 3 लाख 79 हजारांवर विद्यार्थ्यांची देशव्यापी सरकारी पाहणी 2022 मध्ये झाली होती. त्यातल्या 81 टक्क्यांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवलं. तो अभ्यास कोणी निवडून दिलेला होता, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

स्टेजवर आता प्रश्नोत्तरं चाललीत. माइक एकच आहे. तो पुढच्या तीन रांगांतच फिरतोय.

दुपारी रस्ता रिकामा होतो. टपरीवर पत्र्याचा ताव आणि चहाचा ताव एकच. टपरीमागच्या बाकावर फाइलवाली माणसं लाइटची वाट बघत बसलीत. लाइट आली की सर्व्हर, सर्व्हर आला की फॉर्म. एका फाइलमधून एक जुना कागद बाहेर पडतो. धाकटीच्या फॉर्मसाठी आईनं घरातले होते नव्हते तेवढे कागद आणलेत, त्यात थोरल्याचा 2017 चा कल चाचणीचा अहवाल. राज्यात 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची ही चाचणी व्हायची. सात क्षेत्रं होती. कृषी, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, ललित कला, मानव्यविद्या, गणवेशधारी सेवा. थोरल्याचा कल ललित कलेकडे निघाला होता. "मग?" मी विचारतो. "मग का," आई म्हणते, "बीएस्सी केलं ना त्यानं. आता फ्लेक्सच्या दुकानात आहे. डिझाइन करते." एवढं बोलून ती कागदाची घडी पुन्हा घालते. जुन्याच घडीवर.

या बाकानं लाटा पाहिल्यात. एके काळी आयटीआय करून जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागणं म्हणजे जन्माचं कल्याण. नंतर डी.एड. आलं. ज्याच्या घरी मास्तर, त्याच्या घरी पगार, म्हणून पोरीपोरांना ढकलून डी.एड.ला घातलं. 2010 नंतर शिक्षकभरती आटली. शिक्षकांची पहिली अभियोग्यता चाचणी झाली तेव्हा 2017 उजाडून सरत आलं होतं. तोवर किती डी.एड.वाले किराणा दुकानात आणि पतसंस्थेच्या वसुलीवर लागले होते, ते गावागावांत विचारावं. मग इंजिनिअरिंग. आता डॉक्टर. 2024 मध्ये भंडाऱ्यालाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, 100 जागांचं. तेव्हापासून "इथंच होते ना आता" हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. त्या शंभर जागा एकट्या भंडारेकरांसाठी नाहीत हे कोणी बोलत नाही. आईबाप पोराला जे दार दाखवतात ते त्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी उघडं पाहिलेलं असतं. पोर पोचेतो तिथे गर्दी झालेली असते किंवा कडी लागलेली.

खांब तालावाच्या बाजूच्या वस्तीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. जिन्यात चपलांचा ढीग. आत प्लायवूडचे कप्पे, कप्प्यात एक दिवा, एक खुर्ची, एक बाटली. भिंतींवर नकाशे, वेळापत्रकं. पंख्याची घरघर आणि पानं उलटल्याचा आवाज, बाकी चिडीचूप. सोळा-सतराची पोरं इथे नाहीत. इथे बावीस ते तीस.

खिडकीजवळच्या कप्प्यातला सव्वीस वर्षांचा. कंपासपेटीत पेनांबरोबर आम्लपित्ताच्या गोळ्यांचं पाकीट. चहाला खाली उतरल्यावर तो आपली कहाणी एका वाक्यात उरकतो, "इंजिनिअरिंग बाबूजींनं सांगितलं, तलाठी मामानं सांगितलं, आता फॉरेस्ट पहा म्हणून भाऊजी सांगतेत." आपणच हसतो. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांवर जागा होत्या आणि दहा लाखांवर अर्ज. तो त्यातला एक. रात्री दोन-तीनपर्यंत झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. गावात लग्न असलं की तो जात नाही. "गेलो की पहिला प्रश्न तोच. नवरदेवाले सोडून मलेच पाहतेत."

"तुला स्वतःला काय करायचं होतं?"

तो बराच वेळ चहा ढवळतो. साखर कधीच विरघळलीय. "तसं काई ठरवलंच नव्हतं. ठरवायची पाळीच आली नाई."

जिन्याच्या भिंतीवर एक स्टिकर आहे, अर्धं फाटलेलं. 14416. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. कधी लावलास का, मी विचारतो.

"तिथं का सांगू? घरचे चांगले आहेत ना माहे."

इथेच सगळं अडतं. बाप मारत असता, ओरडत असता, तर तक्रार तरी करता आली असती. इथला बाप धान विकतो. आई गटाचं कर्ज उचलते आणि लेकरासमोर हप्त्याचा विषय काढत नाही. आवाज कोणाचा चढत नाही. लेकराला नाही म्हणायला तोंड उरत नाही आणि आपल्याला त्रास होतोय असं म्हणायलाही. ते मग पोटदुखी सांगतं. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी स्वतःचं आयुष्य संपवल्याची नोंद आहे. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले, इतर कुठल्याही राज्याहून जास्त. सरकारी अहवालात कारणांचे रकाने असतात. कौटुंबिक समस्या हा एक, परीक्षेतलं अपयश हा दुसरा, करिअरची समस्या हा तिसरा. घराघरांत हे तिन्ही वेगळे काढून दाखवणं कोणालाही जमायचं नाही.

साडेपाचला ऊन जरा कलतं आणि मैदान भरतं. पोलीस भरतीवाली पोरं. कोणाच्या पायात बूट, कोणाच्या नुसते मोजे, दोघं-तिघं अनवाणी. चुन्याची रेघ पुसट झालीय, एक जण हातानं नवी ओढतोय. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. मग शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी 50 गुण, लेखी 100. धूळ उठते, बसत नाही. घामाचा आणि तापलेल्या मातीचा वास.

कडेला एक बाई फोनवर घड्याळ लावून उभी आहे. पदर कमरेला खोचलेला. लेक धावतेय. "पावणेतीन मिनिटांच्या आसपास यायचं आहे," ती मला माहिती देते, नजर लेकीवरून न हलवता. "तिचे बाबा नाई म्हणत होते. डी-फार्मसी कर म्हणत होते. म्या म्हटलं, तिले एक साल देऊ. नाई झालं त पाहू." लेक रेघ ओलांडते, कमरेत वाकते, कडेला जाऊन ओकते, तोंड पुसते आणि पहिलं विचारते, "किती झाले?" आई आकडा सांगते. लेकीला तो आवडत नाही. पाच मिनिटांनी ती पुन्हा रेघेवर उभी.

तिच्यामागे थोडं अंतर ठेवून एक मुलगा धावतोय. धावतोय म्हणायचं एवढंच. गुडघ्याला क्रेप बँडेज. त्याला डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करायचा होता. गॅरेजवाला कामावर घ्यायलाही तयार होता. घरात मात्र चुलतभाऊ पोलीस झालाय. तेव्हापासून बाप रोज पहाटे पाचला त्याला उठवतो, स्वतः त्याच्यामागे सायकल काढतो. मुलगा तक्रार करत नाही. चौथ्या फेरीला तो मैदानाच्या कडेनं चालू लागतो आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या एका बंद पडलेल्या टेम्पोपाशी थांबतो. ड्रायव्हर बोनेट उघडून हैराण. पोरगा तारांतून हात घालून काहीतरी दाखवतो. ड्रायव्हर तिथे पाना लावतो. बाप दुरून हाक मारतो. पोरगा परत येतो, पाचवी फेरी सुरू करतो.

दोघं एकाच मातीत घाम गाळतायत. रात्री झोप कोणाला लागत असेल ते मला तरी त्यांच्या चालीवरून दिसतं. मुलीचं होईलच असं नाही. जागा थोड्या, रांग मोठी, आणि तिच्या आईलाही ते ठाऊक आहे. पण हरली तर ती स्वतःच्या डावात हरेल. हा पोरगा जिंकला तरी ती वर्दी चुलतभावाच्या मापाची असेल.

सातची लाखांदूर गाडी फलाटावर लागते. रुमाल, पिशव्या, फाइली खिडकीतून आत टाकून माणसं जागा धरतात. कंडक्टर ओरडतो. आजचे फॉर्म भरून झालेले घरी निघालेत, ज्यांचा सर्व्हर अडकला ते उद्या पुन्हा येतील. काखेतली फाइल आता मांडीवर आहे. शेजारी बसलेलं पोर खिडकीबाहेर बघतंय.

या गाडीतल्या किंवा कुठल्याही गावच्या आईबापांना एवढंच सांगायचं आहे. भाग दोनमधला पसंतीक्रम मुदत संपेपर्यंत बदलता येतो. पहिल्या फेरीत नाव लागलं नाही तर पुढच्या फेरीआधी तो नव्यानं भरता येतो. तेव्हा एकदा पोराला किंवा पोरीला खुर्चीवर बसवा, माऊस तिच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर जाऊन रस घ्या. नोंदणीचे शंभर रुपये त्यासाठी दुसऱ्यांदा भरावे लागत नाहीत.